आपल्यासारखंच नाव दुसरा कुणी नोंदवतोय? ट्रेडमार्क अर्जाला विरोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसाले, लोणची, साड्या, क्लासेस, खानावळ, सॉफ्टवेअर, धंदा कुठलाही असो, हे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. उत्तरं भारतातल्या कायद्याला धरून आहेत : ट्रेडमार्क कायदा १९९९ आणि ६ मार्च २०१७ पासून लागू असलेले ट्रेडमार्क नियम. परदेशाबद्दलचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

विरोध म्हणजे नेमकं काय?

एखाद्याने नावासाठी किंवा चिन्हासाठी अर्ज केला, रजिस्ट्रीने, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाने, तो तपासला, तिला तो ठीक वाटला, की नोंदणी लगेच होत नाही. आधी तो अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो. अर्थ सरळ आहे : ‘हे नाव या माणसाला द्यायचं म्हणतोय, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला.’ नोंदणी लग्नाआधी विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लावतात, तसंच काहीसं. जर्नलमध्ये आल्यावर लेखी हरकत घेणं म्हणजे विरोध. वकिलांच्या बोलण्यात त्याला ऑपोझिशन म्हणतात. कायद्यातलं कलम २१.

सरकारच्या आयपी इंडिया वेबसाइटवर अर्जापुढे ‘ऑब्जेक्टेड’ दिसतंय. म्हणजे कुणीतरी विरोध केलाय ना?

नाही. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे खुद्द रजिस्ट्रीच्या परीक्षकाने शंका काढली आहे आणि अर्जदाराने तीस दिवसांत उत्तर द्यायचं आहे. त्यात बाहेरच्या कुणाचा संबंध नसतो. ‘अ‍ॅक्सेप्टेड अँड अ‍ॅडव्हर्टाइज्ड’ म्हणजे जर्नलमध्ये छापून आलं, विरोधाची घटिका सुरू झाली. ‘ऑपोज्ड’ दिसलं तर मात्र कुणीतरी विरोध दाखल केला आहे.

या दोन शब्दांच्या घोळात बरेच लोक फसतात. समोरच्याच्या अर्जापुढे ‘ऑब्जेक्टेड’ वाचून ‘सरकारनेच अडवलंय’ म्हणून निवांत बसतात, परीक्षकाला उत्तर पटतं, अर्ज जर्नलमध्ये येतो आणि चार महिने गुपचूप निघून जातात.

आमचं स्वतःचं नाव नोंदवलेलंच नाही. तरी विरोध करता येतो का?

येतो. कायद्यातला शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असा आहे. नोंदणी असलीच पाहिजे अशी अट नाही. व्यापारी संघटना विरोध करू शकते, एखादा ग्राहकही करू शकतो.

पण करता येणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. नोंदणी नसेल तर तुमची सगळी भिस्त ‘आम्ही हे नाव तुमच्या आधीपासून वापरतोय’ यावर राहते, आणि ते कागदावर दाखवावं लागतं. आपल्याकडे कायदा आधी वापरणाऱ्याच्या बाजूने झुकतो. नोंदणी झालेल्या माणसालाही त्याच्याआधीपासून ते नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही, हे कलम ३४ सांगतं. इथे एक गैरसमज काढून टाकू. गुमास्ता लायसन्स, अन्न परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी नंबर किंवा कंपनीचं नाव यांपैकी कशानेही ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. ती कागदपत्रं वापराचा पुरावा म्हणून मात्र उपयोगी पडतात.

आणि विरोध दाखल करत असतानाच स्वतःचाही अर्ज टाका. विरोध जिंकलात तर समोरच्याला नाव मिळणार नाही, पण त्यामुळे ते तुमच्या नावावर चढत नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गामागे (वर्ग म्हणजे मालाचा किंवा सेवेचा ठरलेला गट) ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये.

मुदत किती?

जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिने. पूर्वी तीन महिने आणि वर विनंती करून एक महिना असं होतं. आता सरसकट चार, आणि त्यानंतर एक दिवसही नाही. आजारपण, निवडणूक, दिवाळी, ‘आम्हाला कळलंच नाही’, काहीही चालत नाही. वाढवून देण्याचा अधिकार रजिस्ट्रारलाही नाही.

मोजणी दिवसांनी नाही, महिन्यांनी होते. १२० दिवस धरून कॅलेंडरवर खुणा करणारे भेटतात, तसं करू नका. जर्नलची तारीख ६ जानेवारी असेल तर मुदत मे महिन्याच्या ६ तारखेपर्यंत जाते, पण माझा सल्ला ५ मे हाच शेवटचा दिवस समजा आणि खरं काम एप्रिलच्या मध्यावर संपवा. शेवटच्या संध्याकाळी डिजिटल सही चालत नाही, पैसे कापले जातात पण पावती येत नाही, असले प्रकार होतातच.

अर्जात काही चूक राहिल्याने तो जर्नलमध्ये दुसऱ्यांदा छापला गेला, तर मुदत त्या नव्या तारखेपासून. हे क्वचित होतं, पण एकदा हुकलेली संधी अशी परत मिळू शकते, म्हणून बघून ठेवावं.

जर्नल मिळतं कुठे? त्यात आपलं काम कसं शोधायचं?

दर सोमवारी सरकारच्या आयपी इंडिया वेबसाइटवर येतं, फुकट. वर्गांनुसार पीडीएफ फाइली असतात. सगळं जर्नल हजारो पानांचं असलं तरी तुम्हाला तुमचा वर्ग आणि शेजारचे एक-दोन वर्गच चाळायचे असतात. मसाले, चहा, पीठ, मिठाई तिसाव्या वर्गात, लोणचं, तूप, खाद्यतेल एकोणतिसाव्यात, कपडे पंचविसाव्यात, खानावळ-हॉटेल त्रेचाळिसाव्यात, शिकवणी एक्केचाळिसाव्यात. एकूण ४५ वर्ग, त्यातले पहिले ३४ मालाचे आणि उरलेले ११ सेवांचे.

नुसता शब्द टाइप करून शोधू नका. चिन्ह चित्रासारखं असेल तर शब्द सापडत नाही, आणि मराठी नावं रोमन लिपीत लिहायच्या दहा तऱ्हा. ‘झ’ला कुणी झेड लिहितो, कुणी जेएच. वेबसाइटवर उच्चारावरून शोधायचीही सोय आहे, ती वापरा. सोमवारी चहाबरोबर वीस मिनिटं पानं उलटली तर पुरतं. ते जमत नसेल तर पैसे घेऊन ‘वॉच’ ठेवणारे एजंट असतात.

विरोधाची कारणं कोणती चालतात?

‘ते आमच्यासारखं आहे’ हे एकच कारण लोकांच्या डोक्यात असतं. कायद्यात त्याहून बरीच आहेत, आणि त्यांची दोन कुळं आहेत.

पहिलं कूळ कलम ९ चं. इथे तुमचं नाव मधे आणायचीही गरज नाही. ते नावच मुळात कुणा एकाला देण्यासारखं नाही, एवढं म्हणायचं. तुपाला ‘शुद्ध’, मिरचीला ‘तिखट’, पापडाला ‘कुरकुरीत’ अशी मालाचं वर्णन करणारी नावं. धंद्यात सगळेच सर्रास वापरतात असे शब्द. गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारी किंवा एखाद्या समाजाच्या धर्मभावना दुखावणारी नावं. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यात बंदी असलेली नावं. अर्जदाराला यातल्या वर्णनात्मक नावांबद्दल एक पळवाट आहे. अर्ज करण्याआधीच इतका वापर झाला की लोक तो शब्द आमचाच समजतात, हे त्याने दाखवलं तर नोंदणी मिळू शकते.

दुसरं कूळ कलम ११ चं, तुमच्या आधीच्या हक्काचं. नाव आणि माल सारखा किंवा मिळताजुळता असल्याने लोकांचा गोंधळ होईल. तुमचं चिन्ह इतकं प्रसिद्ध आहे की दुसऱ्या मालावरही ते वापरणं म्हणजे फुकटचा फायदा लाटणं. तुमच्या लेबलच्या चित्रावर तुमचा कॉपीराइट आहे. त्याने अर्जच मुळी वाईट हेतूने केलाय. हे शेवटचं, जुना डीलर किंवा फुटलेला भागीदार अर्ज करतो तेव्हा फार कामाचं. कलम १८ प्रमाणे अर्ज करणारा स्वतःला त्या नावाचा मालक म्हणवतो. ज्याने काल-परवापर्यंत तुमच्याकडून माल उचलून तुमच्याच पाकिटात विकला तो मालक कसा, हे विचारायला तुमची जुनी डिलिव्हरी चलनं पुरतात.

सगळी कारणं पहिल्याच नोटिशीत घाला. नंतर दुरुस्ती मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

त्याचं नाव हुबेहूब आमचं नाही. एक-दोन अक्षरं वेगळी आहेत. मग?

बहुतेक विरोध असेच असतात. हुबेहूब चोरणारे आता कमी.

कोर्टाची कसोटी अशी : दोन पाकिटं शेजारी ठेवून भिंगातून बघायची नाहीत. साधारण अकलेचा, घाईतला, पहिलं नाव अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक दुकानात उभा आहे असं समजायचं आणि तो फसेल का, हे विचारायचं. ही कसोटी पक्की करणारा एक खटला मुंबईचाच आहे. ‘ग्लुकोविटा’ हे ग्लुकोज पावडरचं नाव आधीपासून होतं, आणि १९४९ मध्ये बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’चा अर्ज झाला. विरोध झाला, प्रकरण मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने विरोध करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. एक ‘को’ गळला म्हणून नाव वेगळं होत नाही, आणि ग्लुकोजची बिस्किटं असतात म्हटल्यावर पावडर आणि बिस्किटं यांचं नातं लोकांच्या मनात जुळतंच.

दुसरा खटला आजीच्या बटव्यातला : ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’. पोटदुखी-डोकेदुखीवरच्या थेंबांची औषधं. आपल्याला वाटेल, अमृत आणि लक्ष्मण यांत काय साम्य? सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये म्हटलं, शब्दांचे तुकडे करून अर्थ लावत बसू नका, अख्खं नाव कानावर कसं पडतं ते बघा. एकाच प्रकारचं औषध, शेवटी तीच ‘धारा’, घेणारा खेडोपाडीचा माणूस, म्हणजे गोंधळ होणारच. पण गोष्ट तिथे संपली नाही. लक्ष्मणधारावाले १९२३ पासून उघडपणे विकत होते आणि अमृतधारावाले इतकी वर्षं गप्प राहिले होते. म्हणून नोंदणी दिली गेली, पण फक्त उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती. सारखेपणा सिद्ध होऊनही गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते, ती अशी.

औषधांच्या बाबतीत कोर्टं जास्त कडक असतात. चुकीचा मसाला आला तर भाजी बिघडते, चुकीची गोळी आली तर जीव जातो.

लिपी वेगळी असेल तर? आमचं देवनागरीत, त्याचं रोमनमध्ये.

फरक पडत नाही. उच्चार एकच असेल तर गोंधळ तोच.

देवाचं, ग्रंथाचं, गावाचं नाव कुणी आपल्या नावावर करतोय. अडवता येईल?

ग्रंथाबद्दल सुप्रीम कोर्टाचा स्पष्ट निकाल आहे, आणि तोही विरोधाच्या प्रकरणातलाच. पाटण्याच्या एका उदबत्तीवाल्याने ‘रामायण’ शब्द मागितला होता. रजिस्ट्रीने विरोध फेटाळला, अपिलात तो मान्य झाला, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं : धर्मग्रंथाचं नुसतं नाव मालाला लावून कुणी एकटा त्याचा मालक होऊ शकत नाही. सोबत दुसरा वेगळेपणा आणणारा शब्द असता तर विचार करता आला असता, असंही कोर्टाच्या बोलण्यात होतं. देवांच्या नावांचंही व्यवहारात साधारण असंच चालतं. गणपती, लक्ष्मी, साई यांच्या नावाची असंख्य चिन्हं नोंदलेली आहेत, पण नुसत्या देवाच्या नावावर मक्तेदारी सांगायला गेलात तर तोंडावर पडायची शक्यता जास्त. हे विरोध करणाऱ्यालाही लागू आहे. ‘श्री गणेश’ या दोन शब्दांवर तुम्हीच दुसऱ्याला अडवायला निघाला असाल, तर आधी नीट विचार करा.

गावाचं नाव मालाचं मूळ सांगत असेल तर ते कलम ९ मध्ये अडकतं. आणि ते भौगोलिक मानांकन मिळालेलं असेल, म्हणजे पैठणी, कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर, नागपूरची संत्री, तर विरोधाला आणखी धार येते. कारण ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं, एका दुकानाचं नव्हे. अशा वेळी मानांकनाची मालकी असलेल्या संस्थेला पुढे करा.

आडनावाचं म्हणाल, तर प्रामाणिकपणे स्वतःचंच आडनाव लावून धंदा करणाऱ्याला कलम ३५ संरक्षण देतं. ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावर सगळी भांडणं होतात, विशेषतः भावाभावांत.

विरोध दाखल कसा करायचा? खर्च किती?

फॉर्म टीएम-ओ. ऑनलाइन भरलात तर प्रत्येक वर्गामागे २,७०० रुपये, कागदावर ३,०००. ऑनलाइनला डिजिटल सही लागते. समोरच्याने एकाच अर्जात तीन वर्ग मागितले असतील आणि तुमची हरकत एकाच वर्गाला असेल तर त्या एकाच वर्गाचे पैसे भरा.

नोटिशीत हे लागतं : ज्याला विरोध आहे त्या अर्जाचा क्रमांक, अर्जदाराचं नाव, कुठल्या मालाबद्दल किंवा सेवेबद्दल हरकत आहे ते, तुमचं नाव आणि भारतातला पत्ता, तुमचं आधीचं चिन्ह असेल तर त्याचा नंबर-तारीख-वर्ग, आणि हरकतीची कारणं. शेवटी सत्यापन, म्हणजे कुठले परिच्छेद माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे आणि कुठले मिळालेल्या माहितीवरून खरे, ते लिहून सही, तारीख, ठिकाण. सत्यापन विसरलेली नोटीस बघितली की कळतं, इंटरनेटवरचा नमुना उचललाय.

अर्ज ज्या कार्यालयाचा, विरोधही तिथेच. मुंबईच्या कार्यालयाकडे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ते अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. बाकीची कार्यालयं दिल्ली, कोलकाता, चेन्नई, अहमदाबाद इथे. समोरचा सुरतचा असेल तर तुमचा विरोध अहमदाबादच्या खात्यात जाईल. घाबरू नका, तिकिटं काढावी लागत नाहीत. दाखल करणं ऑनलाइन आणि सुनावणी व्हिडिओवर.

मराठीत लिहिलं तर चालेल?

नोटीस इंग्रजीत किंवा हिंदीत द्या. तुमची बिलं, जाहिराती, वर्तमानपत्रातली कात्रणं मराठीत असतील तर ती जरूर लावा, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजीतलं साक्षांकित भाषांतर जोडा. नियम ४९ ते मागतो. हा खर्च आणि वेळ लोक धरतच नाहीत. चाळीस वर्षं दिवाळी अंकात जाहिराती दिल्यात, सगळे अंक जपून ठेवलेत, आणि पुरावा द्यायच्या आदल्या आठवड्यात कळतं की प्रत्येक पानाचं भाषांतर हवं. सगळी कात्रणं लावू नका. दर चार-पाच वर्षांतलं एक निवडा.

दाखल केल्यावर पुढे काय होतं?

रजिस्ट्री तुमच्या नोटिशीची प्रत समोरच्याला पाठवते. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याने उत्तर, म्हणजे काउंटर स्टेटमेंट द्यायचं. दिलं नाही तर त्याचा अर्ज सोडून दिला असं धरतात आणि तुम्ही तिथेच जिंकता. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. बरेच अर्जदार विरोध आलेला पाहूनच नाद सोडतात.

उत्तर आलं तर चेंडू तुमच्याकडे. त्याचं उत्तर तुम्हाला मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुमचा पुरावा शपथपत्रावर द्यायचा आणि त्याची प्रत समोरच्याला पोचवायची. वेगळा पुरावा नसेल तर ‘नोटिशीतल्याच मजकुरावर आम्ही विसंबतो’ असं पत्र तरी त्याच मुदतीत द्यायचं. यातलं काहीच केलं नाही तर तुम्ही विरोध सोडून दिला असं धरलं जातं. सगळ्यात जास्त विरोध मरतात ते याच पायरीवर. २०१७ च्या नियमांत ही मुदत वाढवून घेण्याची सोय ठेवलेली नाही आणि ती सक्तीचीच आहे, असं दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०२४ मध्ये सांगितलं.

मग दोन महिने त्याच्या पुराव्याला. त्यानेही काही केलं नाही तर अर्ज पडतो. त्याला प्रत्युत्तर द्यायला तुम्हाला एक महिना. मग सुनावणी. तिच्या तारखेची सूचना किमान एक महिना आधी येते. तारीख पुढे ढकलायची तर तीन दिवस आधी अर्ज करायचा, आणि एका बाजूला दोनपेक्षा जास्त तारखा मिळत नाहीत. युक्तिवाद लेखीही देता येतो. तो द्याच.

ईमेल बघितलाच नाही, स्पॅममध्ये गेला. आता?

नियमांप्रमाणे ईमेल पाठवला की पोचला असं धरतात. वाद घालता येतो, हायकोर्टात जाऊन काहींना दिलासाही मिळाला आहे, पण तो खर्चाचा आणि बेभरवशाचा मार्ग. फॉर्ममध्ये दुकानाच्या पोराचा ईमेल देऊ नका. तो नोकरी सोडून गेला की पासवर्डही जातो. शिवाय दर पंधरा दिवसांनी आयपी इंडियावर अर्ज क्रमांक टाकून कागद उघडून बघायची सवय लावा. समोरच्याचं उत्तर तिथे दिसतंच.

पुरावा म्हणून काय काय लावायचं?

तारीख असलेली बिलं. हेच पहिलं, दुसरं आणि तिसरं उत्तर.

ज्या बिलावर नाव आहे, तारीख आहे आणि माल कुठला ते लिहिलंय, असं एक जुनं बिल दहा सुंदर छायाचित्रांपेक्षा जड. गोची अशी की आपल्याकडच्या बिलांवर बहुतेक वेळा दुकानाचं नाव वर असतं आणि खाली नुसतं ‘मसाला २ किलो’. ब्रँडचं नाव कुठेच नाही. मग ते बिल दुकान चालू होतं एवढंच सांगतं, त्या नावाने मसाला विकला हे सांगत नाही. आजपासून बिलात मालाच्या रकान्यात ब्रँडचं नाव टाका, पाच वर्षांनी उपयोग होईल.

मग वर्षवार विक्री आणि जाहिरातखर्चाचं सीएचं प्रमाणपत्र, छापखान्याची पाकिटांची बिलं (ही लोक विसरतात, आणि लेबल कधी छापलं ते इतकं नेमकं दुसरं काहीच सांगत नाही), परवाने, प्रदर्शनातल्या स्टॉलच्या पावत्या, डीलरशी झालेला पत्रव्यवहार, वेबसाइट किंवा समाजमाध्यमावरच्या जुन्या पोस्ट. समोरच्याच्या मालामुळे गोंधळ झाल्याचा खरा पुरावा, म्हणजे गिऱ्हाइकाने चुकून तुमच्याकडे केलेली तक्रार, मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण असे मेसेज स्वतःच लिहून घेऊ नका. उलट बाजूचा वकील ते वाचताक्षणी ओळखतो, आणि मग तुमची खरी बिलंही संशयात येतात.

अर्जात ‘वापर १९९८ पासून’ असं लिहिलंत तर १९९८ चा कागद लागतो. नसेल तर ज्या वर्षाचा कागद आहे तेच वर्ष सांगा. शपथपत्र आहे ते.

वकील लावलाच पाहिजे का?

सक्ती नाही. स्वतः करता येतं. नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंटही चालतो, तो वकील असलाच पाहिजे असं नाही; त्याला अधिकारपत्र द्यावं लागतं. माझं मत : नोटीस आणि पुरावा हे दोन टप्पे जाणकाराकडून करून घ्या, मधली टपाल-पोच स्वतः सांभाळा. पैसे वाचवायचेच असतील तर सुनावणीवर वाचवू नका.

तोपर्यंत समोरच्याला विक्री बंद करावी लागते का?

नाही. इथे बहुतेकांची निराशा होते. विरोधाने फक्त नोंदणी अडते, दुकान नाही. तो नाव वापरत राहू शकतो, फक्त वर्तुळातलं ‘आर’ चिन्ह लावू शकत नाही, कारण ते नोंदणी झालेल्यांसाठी आहे. विक्री थांबवायची तर कोर्टात जावं लागतं. तुमची नोंदणी असेल तर उल्लंघनाचा दावा, नसेल तर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा. हे दावे जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाहीत.

निकाल लागायला किती वेळ?

ग्लुविटाच्या अर्जापासून सुप्रीम कोर्टापर्यंत दहा वर्षं लागली, लक्ष्मणधाराला बारा. आज कागद घरबसल्या जातात आणि प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, तरी सुनावणीची तारीख लागेपर्यंत वर्षं जातात. विरोध हा काही आठवड्यांत सुटणारा प्रश्न आहे असं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

तडजोड करता येते का?

येते, आणि माझ्या मते निम्म्या प्रकरणांत तीच करावी. समोरच्याने यादीतून तुमचा माल काढून टाकायचा, किंवा नावापुढे काही जोडायचं, किंवा पाकिटाचा रंग बदलायचा. बदल्यात तुम्ही विरोध मागे घ्यायचा. समजा तुमचं हळद-मसाल्यांचं नाव आहे आणि तो तेच नाव खानावळीला मागतोय. ‘पॅकबंद मसाले कधीही विकणार नाही’ एवढं लिहून दिलं तर तुम्हाला भांडायला काय उरतं? सगळं लेखी करा आणि अर्जात खरोखर दुरुस्ती झाल्याशिवाय विरोध मागे घेऊ नका. चहाच्या टपरीवर हात मिळवून विरोध मागे घेतला आणि दुरुस्ती झालीच नाही, असं झाल्यावर परत विरोध करायला मुदत उरलेली नसते.

चार महिने उलटून गेले. आता काही करता येतं?

नोंदणी झाली असेल तर ती रद्द करण्याचा अर्ज, रजिस्ट्रारकडे किंवा हायकोर्टात. फॉर्म तोच टीएम-ओ, कलम ५७. कारणं साधारण तीच चालतात. पण आता तो नोंदणीधारक आहे, त्यामुळे ओझं तुमच्यावर जास्त. शिवाय नोंदणीनंतर त्याचा वापर माहीत असूनही तुम्ही सलग पाच वर्षं गप्प बसलात तर कलम ३३ आडवं येतं. आणखी एक वाट : त्याने नोंदणीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने ते नाव वापरलंच नसेल तर त्या कारणावरूनही ते काढून टाकता येतं.

विरोध हरलो तर अपील कुठे?

हायकोर्टात, तीन महिन्यांत. पूर्वी यासाठी चेन्नईत मुख्यालय असलेलं अपील मंडळ होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. मुंबई कार्यालयाचा आदेश असेल तर मुंबई हायकोर्ट.

उलटं झालंय. आमच्याच अर्जाला एका बड्या कंपनीने विरोध केलाय.

दोन महिने. आधी ती तारीख लिहून ठेवा, मग घाबरा. मोठ्या कंपन्या त्यांच्या नावातलं एखादं अक्षर जुळलं तरी ठोकळेबाज विरोध टाकतात, आणि छोटा माणूस उत्तर देणार नाही यावर त्यांची मदार असते. मुद्देसूद उत्तर गेलं की त्यांच्याकडूनच तडजोडीचं पत्र येणं अशक्य नाही. उत्तरात त्यांचा प्रत्येक परिच्छेद मान्य किंवा अमान्य करा, तुमचा वापर कधीपासून ते सांगा, आणि त्याच वर्गात तसली आणखी किती नावं नोंदलेली आहेत त्याची यादी जोडा.

आम्ही आखाती देशात आणि युरोपात माल पाठवतो. तिथे कुणी आमचं नाव नोंदवलं तर?

भारतातला विरोध तिथे चालत नाही, त्या त्या देशात करावा लागतो, आणि मुदती आपल्याहून छोट्या असतात. युरोपीय संघात तीन महिने, ब्रिटनमध्ये दोन (मागितल्यास तीन), अमेरिकेत तीस दिवस, ती मुदत संपण्याआधी मागितलं तर वाढते. तिथला वितरक स्वतःच्या नावावर ब्रँड नोंदवून बसणं हा निर्यातदारांचा नेहमीचा अनुभव, म्हणून वितरकाशी करार करतानाच नाव कुणाचं ते लिहून घ्या. भारत जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथल्या अर्जावरून एकाच फॉर्मने बऱ्याच देशांत नोंदणी मागता येते. आणि परदेशी कंपनीने त्याच वाटेने भारतात नाव मागितलं तर तेही आपल्या सोमवारच्या जर्नलमध्ये येतं, चार महिन्यांच्या त्याच मुदतीसह.